पुढच्या दाराने आलेली नोरीन

आमच्या गावात पुढचं दार दोनच कारणांनी वाजतं: कुणी गेलं तर, नाहीतर पोलीस आले तर. बाकी सगळा व्यवहार मागच्या दाराने किंवा कुंपणावरून चालतो. दक्षिण ऑस्ट्रेलियात, यॉर्क द्वीपकल्पातल्या आमच्या तांब्याच्या खाणी बंद पडून शतक उलटलं, पण खाणीतले चिखलाचे बूट पुढच्या खोलीत येऊ द्यायचे नाहीत हा नियम तेवढा बंद पडला नाही. म्हणून नोरीन ट्रेथवी हातात झाकलेला पिंजरा घेऊन क्लेम पास्कोच्या पुढच्या दाराशी उभी राहिली, तेव्हा मी कचऱ्याचा डबा आत घ्यायचं विसरून फाटकातच थांबलो.

नोरीन क्लेमच्या आणि माझ्या मधल्या घरात राहते. उभी हयात तिने शाळेच्या कॅन्टीनमध्ये काढली. गावातली निम्मी कर्ती माणसं तिच्यापुढे रांगेत उभी राहून शहाणी झाली आहेत. रांग मोडणाऱ्यावर ती कधी ओरडली नाही. त्याच्याकडे नुसतं बघत थांबायची, आणि तो आपोआप मागे जायचा. तिने कुणाशी भांडण केल्याचं ऐकिवात नाही. हरल्याचंही नाही.

तिच्या परसात करड्या पानांचं एक ठेंगणं झुडूप आहे. दर वसंतात त्यात रेन नावाच्या पाखरांचं जोडपं उतरतं. अंगठ्याएवढी पाखरं, शेपूट कायम उभं. नर निळाजर्द आणि दिखाऊ, मादी मातकट. घरटं मादीच विणते, नराचा वाटा देखरेखीपुरता. नोरीनचा नवरा हयात असताना ती म्हणायची, या पाखरांकडे बघून मला परकं वाटत नाही.

गेल्या वसंतात ते घरटं बिशपने संपवलं.

बिशप म्हणजे क्लेमचा बोका. काळाकुट्ट, गळ्याशी पांढरी पट्टी, चालणं आशीर्वाद देत फिरणाऱ्याचं. क्लेमने तीस वर्षं शर्यतीची कबुतरं पाळली, आणि तितकीच वर्षं गावातल्या समस्त मांजरांवर बूट फेकले. मग गुडघे गेले, कबुतरं विकावी लागली, आणि त्याच हिवाळ्यात हा बोका रिकाम्या ढाबळीपुढे येऊन बसला, मुलाखतीला उशिरा पोचलेल्या उमेदवारासारखा. क्लेमने बूट उचलला, थोडा वेळ हातात धरला आणि खाली ठेवून दूध आणलं. ढाबळ रिकामी झाल्यापासून त्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता. आता तो दिवसभर बोक्याशी हवामानावर बोलतो.

घरटं गेलं तेव्हा नोरीनने सांडलेली पिसं वेचली आणि क्लेमला कुंपणावरून लिंबं दिली, नेहमीसारखी.

यंदा मादी पुन्हा विणायला लागली, आणि नोरीन कामाला लागली. बोका फिरकू नये म्हणून हिरवळीवर पाण्याच्या बाटल्या मांडून झाल्या. संत्र्याची सालं, कॉफीचा चोथा, गुलाबाच्या काटेरी फांद्या, सगळं झालं. बिशप बाटल्यांच्या रांगेत, सालांवर डोकं टेकून झोपला. मग तिने कुंपण गाठलं. हातात पेस्टीची, म्हणजे मांस-सलगम भरलेल्या भाजक्या करंज्यांची, थाळी होती, कारण रिकाम्या हाताने तक्रार करणं तिला जमत नाही.

"क्लेम, बिशप रोज माझ्याकडे असतो."

"असणारच. माझ्याकडे नुसतं सिमेंट. त्याला तुझी बाग आवडते."

"त्याला माझी पाखरं आवडतात."

"बोका आहे तो, नोरीन. काय सांगू त्याला, पेपर वाचत बस म्हणून? यात सलगम जास्त घातलंस का गं?"

दुसऱ्या दिवशी थाळी टोमॅटोंनी भरून परत आली. आमच्याकडे थाळी रिकामी परत करत नाहीत. त्यामुळे कुंपणावरची कुठलीही तक्रार टोमॅटोंपलीकडे जात नाही.

तेव्हा नोरीनने कौन्सिलचा मांजरं पकडायचा पिंजरा आणला. पहिल्या सकाळी त्यात आखूड शेपटीचा एक सुस्त सरडा निघाला. आमिषाचे सार्डिन मासे खाऊन वर तिलाच जीभ दाखवत होता. दुसऱ्या सकाळी बिशप. घरट्यात तेव्हा पिल्लं चिवचिवत होती. कायदा नोरीनच्या बाजूचा होता: फोन केला की गाडी येते, बोका कोंडवाड्यात जातो. बिशपच्या कातडीखाली मालकाची ओळख सांगणारी चिप नव्हती, क्लेमच्या मते ती बसवणं म्हणजे सरकारला घरात घेणं. अशी म्हातारी, बेवारशी ठरलेली मांजरं कोंडवाड्यातून सहसा परत येत नाहीत. हे नोरीनला ठाऊक होतं.

तिने फोन केला नाही. अॅप्रन काढला, केस विंचरले, पिंजऱ्यावर स्वच्छ पंचा टाकला आणि पुढच्या दाराशी गेली.

दार फुगलं होतं. आतून क्लेमने बरीच खटपट केली. उघडलं तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"कोण गेलं?"

"अजून कुणी नाही," नोरीन म्हणाली आणि पंचा उचलला.

क्लेमने बिशपकडे पाहिलं. बिशपने दुसरीकडे पाहिलं.

"कौन्सिलला कळवलंस?"

"कळवलं असतं तर गाडी आली असती. मी कशाला आले असते?" तिने पिंजरा उंबऱ्यावर ठेवला. "तुझी ढाबळ दे."

"कुणाला?"

"याला."

क्लेमने परसाकडे मान वळवली. "तीस वर्षं त्या जाळीबाहेर मांजरं ठेवली मी."

"म्हणून तर म्हणते. जी जाळी बाहेरचं आत येऊ देत नाही, ती आतलं बाहेर कशी जाऊ देईल?"

"ती कबुतरांची आहे, नोरीन."

मला वाटलं आता ती विचारणार, कबुतरं कुठायत. तिने विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "माहीत आहे मला. सोडलंस त्याला, तरी मी फोन करणार नाही. लिंबंही देत राहीन. फक्त हा विषय पुन्हा काढणार नाही."

आणि ती मागे वळली. हातातला हुकमाचा पत्ता शत्रूच्या उंबऱ्यावर ठेवून निघून येणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. मी डबा आत घेतला. घरात गेल्यावर कळलं, तो नोरीनचा होता.

दुपारपर्यंत क्लेमच्या परसात सामसूम होती. मग बिजागऱ्यांचा करकर आवाज आला, खूप दिवसांनी उघडल्यासारखा. त्यानंतर हातोडा.

ढाबळीत आता जुनी खुर्ची आहे, चढायला फळ्या आहेत, आणि दुपारी क्लेमही आत असतो. पिल्लं उडाली. पहिला आठवडा कुंपणावर फिरली, मग थेट ढाबळीच्या जाळीवर जाऊन बसायला लागली, बिशपच्या नाकासमोर. तो आवाज बंद करून टीव्हीवर क्रिकेट बघणाऱ्यासारखा बघत असतो.

परवा क्लेम कुंपणाशी आला. थाळीत टोमॅटो होते.

"नोरीन, तुझी पाखरं माझ्या बोक्याला छळतात."

"तक्रार असेल तर पुढच्या दाराने ये," ती म्हणाली आणि थाळी घेतली.