शिंगटीच्या डोक्यातला दाणा

माझ्या मामाइतका माशाच्या डोक्यात शिरलेला माणूस अख्ख्या भिवंडीत दुसरा सापडणार नाही. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेला हा गृहस्थ बाजारात कोळणीकडे मासा कधी मागत नसे, नुसती डोकी मागायचा. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याला तो माशाच्या मेंदूखाली खसखशीच्या दाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी कशी असते ते ऐकवायचा, आणि तो बिचारा भात अर्धा टाकून हात धुवायला उठायचा. मामीच्या फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीला चिकटून त्याच्या माशांच्या डोक्यांच्या बाटल्या असत. लहानपणी मी त्यातली एक उघडली आणि दोन दिवस जेवले नाही.

दिघाशी गावच्या ओढ्यातून दर महिन्याला एक शिंगटी मासळी धरायची, तिच्या त्या दाण्याचे पातळ काप करून रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे, हा त्याचा नेम. थंडीत त्यातल्या पेशी लहान, जवळजवळ रिकाम्या असतात. मासा वयात येऊ लागला की त्या फुगतात, आतून बारीक कणांनी गच्च भरतात, आणि त्यांचा निरोप गेला की पोटात अंडी पिकू लागतात. "आधी डोकं पिकतं, मग पोट," पर्यावरणाच्या चळवळीत पडलेल्या मला मामा म्हणायचा. "तुम्हा चळवळवाल्यांचं डोकं राहूनच जातं." काचपट्ट्यांच्या लाकडी पेटीत एकच खाच रिकामी होती, अंड्यांनी भरलेल्या मादीची. यंदा ती भरायचीच, असा त्याचा हट्ट होता.

ओढा फुगला की शिंगट्या अंडी घालायला उलट्या चढून भातखाचरांत येतात. त्याला वलगण म्हणतात, आणि सगळं गाव टोपल्या घेऊन त्यांना धरायला उतरतं. मला ते ऐकूनच धक्का बसला. मी रागारागाने पत्रक लिहिलं, 'पोटुशी मासळी मारणं म्हणजे उद्याचा ओढा खाणं', खाली मामाचं नाव छापलं आणि अंबाडीच्या नाक्यापासून दिघाशीपर्यंत वाटलं.

वलगणीच्या सकाळी आम्ही बांधावर पोचलो. मामाच्या बादलीत नुकतीच धरलेली, पोट टरारलेली शिंगटी होती. एक म्हातारी टोपली टेकवून उभी राहिली. नातवाने तिला पत्रक वाचून दाखवलं होतं.

"मास्तर, आमी मारतो ती खातो तरी," ती शांतपणे म्हणाली. "तुमच्या बाटलीत कोन जेवतं?"

विज्ञानावरचं सडेतोड उत्तर माझ्या जिभेवर होतं. मामाने हाताने मला थांबवलं आणि बादली ओढ्यात उपडी केली. मी हादरलेच.

"मामा, तुझी खाच रिकामी राहील."

"पत्रकावर नाव माझं आहे ना," तो म्हणाला.

पेटी अजून त्याच्या टेबलावर आहे. शेवटच्या खाचेत त्याच्या अक्षरातली चिठ्ठी आहे: 'भरलेली मादी. गेली.' कोळणीकडे तो आता अख्खा मासा मागतो, आणि ती दर वेळी दचकते. पत्रकावर नाव टाकताना मी त्याला विचारलं नव्हतं. त्याबद्दल आजवर तो मला एका शब्दाने बोललेला नाही.