मामांची आगाऊ माफी

रविवार, डिसेंबरातला पहिला. स्थळ: मोखाड्याचं आमचं पत्र्याचं प्रार्थनागृह. हजर: पाळकसाहेब, मी (मंडळीची सचिव), माझा नवरा (पेटीवर, सुराच्या आसपास), नेहमीची माणसं, आणि खोडाळ्यापलीकडच्या पाड्यावरचे माझे मामेसासरे, उशिरा, बोटाला फडकं बांधून. गैरहजर: ‘नक्की येतो’ म्हणालेले सगळे. एवढं मंडळीच्या वहीत लिहून झालं. पण मामांबद्दल जे लिहायचंय त्याला त्या वहीत रकाना नाही, म्हणून ते इथे.

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात मामांनी माफ केला नाही असा प्राणी सापडायचा नाही, आणि त्यातल्या बहुतेकांना त्यांनी अपराध घडण्याच्या आधीच माफ केलेलं आहे. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा चहाचा कप त्यांच्या पुढ्यात ठेवला, तर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “तुला माफ केला, पोरी.” मी घाबरून विचारलं, “कशाबद्दल, मामा?” “होईल काईतरी. संसार लांबचा हाय.” संध्याकाळी त्यांचा चष्मा माझ्या पायाखाली आला, आणि ‘चुकलं’ म्हणायची सोयसुद्धा उरली नव्हती. एसटीत चढताना ते कंडक्टरला सांगायचे, “सुटे नसले तरी तुला माफ केलाय बघ.” तो मानी माणूस चिडून स्वतःच्या खिशातून सुटे काढून द्यायचा. पाळकसाहेबांना उपासनेआधी दारातच, “आज लांबवलात तरी माफ,” आणि त्या दिवशी उपदेश हमखास आटोपशीर. याच विषयावर मी सचिव या नात्याने लेखी विनंत्या करून थकले होते. बैलाला जू घालताना माफ, कोंबड्याला झोपण्यापूर्वी माफ. एकदा माझी नवी छत्री नेऊन हरवली आणि येऊन म्हणाले, “छत्री गेली. आता तू रागावशील, तर त्याचा मी तुला माफ केलाय.” राग यायच्या आधीच माफ होऊन बसल्यामुळे मला तो धड काढताही येईना. नुसतीच स्वयंपाकघरात जाऊन डबे पुसत बसले.

डबे पुसणं, याद्या करणं आणि दुसऱ्याची प्रगती मोजणं ही माझी तीन कौशल्यं. जव्हारला मुलींच्या वसतिगृहाची व्यवस्था बघण्यात निम्मं आयुष्य गेलं. हजेरी घेतल्याशिवाय मला परमेश्वरही आला असं वाटत नाही. त्यामुळे पाळकसाहेबांनी विश्वासात प्रौढ होण्याबद्दल उपदेश केला तेव्हा बाकीची मंडळी डोळे मिटून विचार करत होती आणि मी मनातल्या मनात तक्ता आखत होते. शास्त्रवाचन, प्रार्थना, सहनशीलता, उपस्थिती. आणि प्रत्येकाची पायरी: बाल्य, वाढ, प्रौढता. स्वतःला मी विनयाने ‘प्रौढतेच्या जवळ’ असं लिहिलं. मामांना ‘बाल्य’. शास्त्र उलटं धरतात, प्रार्थनेत घोरतात, आणि माफीसारखी गंभीर गोष्ट चुरमुऱ्यांसारखी वाटत सुटतात, असं माझं कारण होतं. त्यांना वाईट वाटेल म्हणून हळूच सांगितलं, तर ते खूश झाले. नाताळात मुलांना लाडू वाटायला मी उभी राहिले तेव्हा ते मुलांच्या रांगेत येऊन उभे. “बालवर्गात हाय ना मी? मंग दे माझा लाडू.” दिला. काय करणार, तक्ता माझाच होता.

हवा बिघडली ती गेल्या हिवाळ्यापासून. फोनवर आम्हा ख्रिस्ती लोकांबद्दल काहीबाही फिरायला लागलं, पाड्यापाड्यांवर बैठका व्हायला लागल्या, प्रार्थनेला जाणाऱ्या घरांकडे लोक जरा बाजूने बघायला लागले. आमच्या जव्हारच्या आळीत ही हवा एका स्टीलच्या डब्यातून आली. शेजारच्या वहिनी दर दिवाळीला मला डबाभर चकल्या देत, मी नाताळात तोच डबा करंज्यांनी भरून परत देई. वर्षानुवर्षं तो डबा कुणाचा हे दोघींनाही आठवेनासं झालं होतं. गेल्या नाताळाच्या आदल्या आठवड्यात वहिनी कुंपणाशी आल्या आणि खाली बघत म्हणाल्या, “या वर्षी तुमच्याकडचं काही पाठवू नका हो. लोक बघतात.” मी “बरं” म्हटलं. माझं ‘बरं’ फार वाईट असतं, वसतिगृहातल्या मुलींना विचारा. तेव्हापासून आम्ही बोलत नाही, आणि डबा माझ्या फळीवर. रिकामा परत द्यायचा नसतो, आणि भरून दिलेला नको आहे. माझ्या कामांच्या यादीत ‘वहिनींचा डबा’ दर आठवड्याला खालून वर आणि वरून खाली फिरतो.

पण माझं सोडा, मामांचं सांगते. त्यांच्या पाड्यावर भाताची आवणी सावडीने होते. आज सगळे माझ्या खाचरात रोपं लावायला, उद्या सगळे तुझ्या. मामांचा लहानपणापासूनचा एक जोडीदार आहे, पलीकडच्या बांधावरचा. आधी कुणाचं खाचर, यावरून दोघे दर पावसाळ्यात भांडायचे आणि एकमेकांच्या चिखलात उतरायचे. यंदा पाड्याच्या बैठकीत ठरलं, प्रार्थनेवाल्या घरांना सावड नाही. जोडीदार त्या बैठकीत होता. तो काही बोलला नाही. एवढंच त्याने केलं.

रोपं वाफ्यात वाढून पिवळी पडायला लागली, तेव्हा मी मंडळीतली माणसं गोळा केली. गट पाडले, वेळा ठरवल्या, डबे कुणी आणायचे तेही लिहिलं. आवणी येणारं माणूस त्यात जवळजवळ नव्हतं, हे मात्र यादीत कुठेच आलं नाही. पाळकसाहेब चिखलात बसले ते बसलेच. आमच्या ओळी बघून मामा म्हणाले, “ही आवणी हाय का डुकरा नाचून गेली?” आम्ही हसत होतो, तेवढ्यात बांधावरून जोडीदार आला. डोक्यावर रोपांच्या जुड्या, नजर पायाखाली. मामा कमरेत वाकलेले होते, सरळ झाले. तोंड उघडलं. मी वाट बघत होते. आम्ही सगळेच बघत होतो. तो निघून गेला, आणि मामांच्या तोंडून काही आलं नाही.

“मामा, म्हणा ना,” मी कुजबुजले.

“गप गो.”

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे प्रभूच्या आठवणीने भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला घेणं; मनात कुणाबद्दल अढी ठेवून तो घ्यायचा नसतो. प्याले मांडणं, भरणं, गोळा करणं हे माझं काम. गोळा करताना मामांच्या बाकावर एक प्याला भरलेला राहिला होता. मी त्यांना बाहेर चिंचेखाली गाठलं.

“मामा, तुम्ही प्याला घेतला नाहीत.”

“घशाखाली जायचा नाय तो.”

“अहो, पण जोडीदाराला तर तुम्ही कधीच माफ केलं होतं ना? मी स्वतः ऐकलंय.”

“केला होता,” मामा म्हणाले. “पण तवा त्यानं काय केला नव्हता. फुकटचा होता गो तो.”

माझ्यासारख्या बाईला अशा वेळी गप्प बसता येत नाही. मी त्यांना क्षमेवरची वचनं काढून दिली, क्रमवार, पुढे छोटीशी जागा ठेवून, वाचून झालं की खूण करायला. पुढल्या वेळी त्यांनी कागद परत दिला. सगळ्या खुणा केलेल्या. “वाचला सगळा. वचन बरोबर हाय. मीच बरोबर नाय.” नंतरच्या महिन्यातही प्याला भरलेला. त्याच्या नंतरच्याही.

आणि मामांनी माफ करणंच सोडून दिलं. कुणालाच नाही. बैलालाही नाही. कंडक्टरने मला स्टँडवर थांबवून विचारलं, “म्हातारं आजारी हाय का? मी सुटे काढून ठेवतो, पन बोलतच नाय.” पाळकसाहेबांचे उपदेश पुन्हा लांबले. मला घरी भांडं पडलं की दचकायला व्हायचं, कारण आता हिशेबात शिल्लक काही नव्हती. इतकी वर्षं आपण या माणसाच्या माफीवर किती निर्धास्त वावरत होतो ते कळलं. तक्त्यात त्यांना आणखी खाली कुठे घालावं असा मला प्रश्न पडला होता, हेही इथे लिहून ठेवते.

भातकापणीच्या शेवटच्या दिवसांत मी खोडाळ्याच्या बाजारातून पुढे, नागली म्हणजे नाचणी घ्यायला म्हणून, त्यांच्या पाड्यावर गेले. मामा घरी नव्हते. पलीकडच्या बांधावर जोडीदाराचं खाचर, भात पिकून आडवं व्हायला आलेलं. त्याचा मुलगा आणि सून कामाला भिवंडीकडे गेलेले, बायको तापाने पडलेली, आणि सावडीच्या रांगेत त्याची पाळी अजून यायची होती. तो एकटाच एका टोकाने कापत होता. दुसऱ्या टोकाला मामा. वाकून, विळा चालवत, कुणाकडे न बघता. मी बांधावर पिशवी घेऊन उभी राहिले.

“तुला कोनी बोलवला रं?” जोडीदार ओरडला.

“कोनी नाय.”

“जा मंग. लोक बघतात.”

“बघू दे. हात मोकळे आसले तर त्यांना पन ये बोल.”

दोघांचे विळे चालू राहिले. दोघे जवळ येत चालले. मग जोडीदार थांबला, मामांनी कापलेल्या पट्ट्याकडे बघून म्हणाला, “तू आजून उंचच कापतोस. आर्धा पेंढा जमिनीत ठेवलास. ढोरांनी काय खायाचा?”

“तुझी ढोरा तुझ्यासारखीच. काय बी दिला तरी तोंड वाकडा.”

तेवढ्यात मामांचा विळा बोटावर बसला. जोडीदाराने डोक्याचं फडकं फाडलं आणि त्यांच्या बोटाला बांधलं, करकचून, जरुरीपेक्षा जास्तच करकचून. मग दोघे पुन्हा वाकले. बैठकीतला ठराव तिथेच आहे. पाड्यावर कुणी काही बदललेलं नाही. उलट त्या संध्याकाळी जोडीदाराच्या दारात माणसं जमली होती, ती काही कौतुक करायला नव्हे.

खाचरातून परतताना मी विचारलं, “झालं का मग माफ, मामा?”

मामांनी बोट वर धरून विचार केला. “आर्धा झाला. उरलेला फुडच्या आवणीला बघू.”

काल संध्याकाळी ते आमच्याकडे जव्हारला मुक्कामाला आले होते. पाणी पिताना फळीकडे बघून म्हणाले, “तो डबा आपला नाय वाटत.” मी सगळं सांगितलं, माझी बाजू मुद्देसूद, वहिनींची थोडक्यात. मामा भांडं पालथं घालून झोपायला गेले. सकाळी ते खोडाळ्याच्या एका गाववाल्याला भेटून येतो म्हणून आमच्या आधी निघाले, तेव्हा मी मुद्दाम डोकं जरा खाली करून उभी राहिले. इतक्या महिन्यांनी तेवढं एकदा मिळालं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी हात ठेवला आणि म्हणाले, “येतू, पोरी.” एवढंच.

आज प्रभुभोजन झालं. मामांनी फडकं बांधलेल्या हाताने प्याला उचलला, जरा वेळ धरला आणि रिकामा केला. मी बघत होते, बघणं माझं कामच आहे. उपासनेनंतर प्याले गोळा केले. सगळे रिकामे, एक सोडून. कुणाचा राहिला म्हणून मी बाकांवरून नजर फिरवली, हजेरी मनात पुन्हा घेतली. मग आठवलं. माझ्याच जागेवरचा होता.

घरी येऊन नागलीचे लाडू वळले आहेत. डबा घासून, पुसून ओट्यावर आहे, झाकण बाजूला. खिडकीतून कुंपण दिसतं, आणि वहिनींच्या दारातला दिवाही लागलेला दिसतो. डबा मी दोनदा भरला आणि दोनदा रिकामा केला.

राहिलेली कामं: वहिनींचा डबा.