क्रिकेटच्या दिवशी बंद टीव्ही

शिरूर-दौंड पट्ट्यातल्या एका छोट्या जेलात मी तेव्हा शिपाई होतो. घर भांडगावला. मोबाइल नुकताच खेड्यापाड्यांत पोचला होता. आमच्या जेलातही तो पोचलाय, हे मला एका म्हातारीकडून कळलं. मुलाला भेटायला आलेली ती माउली डबा माझ्या हातात देत सहज म्हणाली, "शेंगदाण्याची चटणी हाय. काल फोनवर लई मागं लागला हुता."

जेलरसाहेबांनी त्याच दिवशी झडती लावली. आम्ही गाद्या उसवल्या, पाण्याची टाकी उपसली, केरसुण्यासुद्धा सोडून पाहिल्या. तीन वेळा झडती झाली, पण हाती काहीच लागलं नाही. चटणीवाला पोरगा मात्र, आईला स्वप्न पडलं असेल, एवढंच म्हणत राहिला.

पुढच्या आठवड्यात भारताचा सामना होता. दुपारी राऊंडला गेलो तर बराकीतला टीव्ही बंद. एरवी सामन्यात चित्र जरा हललं तरी ही मंडळी गज वाजवायची. आज सगळे शांत बसलेले. मी विचारलं तर म्हणाले, लाइट गेलीय. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता.

टीव्हीच्या प्लगच्या जागी दुसरीच वायर होती. ती भिंतीकडेने एका घोंगडीखाली गेली होती आणि घोंगडीवर आबा बसले होते. आबा कवठे येमाईकडचे, पूर्वीचे मेंढपाळ. बांधावरच्या मारामारीत आत आले होते. सगळ्या जेलात त्यांच्याइतका गरीब माणूस नव्हता, म्हणून आमची झडती दर वेळी त्यांना वळसा घालून जायची.

"सायेब, उठवू नका. गुडघं धरल्यात," ते म्हणाले.

मी हात देऊन त्यांना उठवलं. खाली चार्जर आणि फोन होता. सगळी बराक खाली बघत होती, आणि मला हसू आवरेना.

साहेबांनी आबांना विचारलं, फोन कुणाचा? ते सांगेनात. राखणीच्या बदल्यात रोज दोन मिनिटं बोलायला मिळतात, तेवढ्यात घरच्या मेंढरांची खबर घेतो, एवढंच बोलले. शिक्षा म्हणून त्यांच्या भेटी बंद झाल्याचं कळलं, तसा चटणीवाला पोरगा आपणहून पुढं आला. त्याच्यावर केस झाली, आबांच्या भेटी पुन्हा सुरू झाल्या.

फोनमधले नंबर साहेबांनी माझ्याकडून तपासून घेतले. जवळजवळ सगळे घरचे निघाले. कुणाची बायको, कुणाची लेक, कुणाचा किराणा दुकानदार. साहेबांनी ती यादी वरपासून खालपर्यंत वाचली. मग म्हणाले, "आपल्यासमोर बसून बोलू द्या की यांना." त्यांनी वर लिहिलं, पुन्हा लिहिलं, आणि काही महिन्यांनी ऑफिसच्या व्हरांड्यात साधा फोन बसला. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या नंबरावर, शिपायाच्या देखत.

पहिल्या रविवारी पहिला नंबर आबांचा लागला. फोन लावला त्यांच्या गावच्या किराणा दुकानात, आणि आबांची बायको तिथं सकाळपासून येऊन बसली होती. आबांनी रिसीव्हर उलटा धरला, मी सरळ करून दिला. पहिलाच प्रश्न, "मेंढरं कशी हायती?" पलीकडून काहीतरी उत्तर आलं आणि आबांचा चेहरा एकदम उजळला.

"सायेब, तिनं पांढरी दुकानात आणलीया," ते मला म्हणाले.

मग त्यांनी रिसीव्हर तोंडाशी धरून रानात घालतात तशी खणखणीत हाळी दिली. पलीकडून मेंढी इतक्या जोरात ओरडली की रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू गेली. सगळा व्हरांडा हसला. साहेब खोलीतून बाहेर आले, तेही हसले. आबा तेवढे हसले नाहीत. डोळे पुसत त्यांनी आणखी एकदा हाळी दिली. संभाषण कशाबद्दल, हे मला नोंदवहीत लिहायचं होतं. मी लिहिलं, "कौटुंबिक."

तिसऱ्या रविवारी साहेबांच्या खिडकीत एक मोबाइल ठेवलेला सापडला. बराकीत असा आणखी एक फोन आहे, याचा आमच्यापैकी कुणालाही पत्ता नव्हता. कुणी ठेवला, तेही शेवटपर्यंत कळलं नाही. साहेबांनी तो जप्त करून सील केला आणि मला चहा सांगायला पाठवलं. झडतीत सापडलेल्या फोनपेक्षा या आपणहून परत आलेल्या फोनचा आनंद मला जास्त झाला. घरी जाऊन बायकोला ही हकिगत सांगितली, तर तिला त्या फोनचं काहीच नव्हतं. ती मेंढीचंच पुन्हा पुन्हा विचारत राहिली.