सावंतांची सम

नॉर्वेजियन भाषेच्या क्लासचे असे किती किस्से असणार, असं मला वाटायचं. पण नॉर्वेला निघालेले आठ मराठी लोक दर शनिवारी दुबईत, ऊद मेथातल्या एका खोलीत टेबलं बडवायला बसले, की किस्से आपोआप साठतात. त्यातले निम्मे सावंतांचे.

सावंत देवगडचे, राहायला अजमानला, जहाजदुरुस्तीत वेल्डर. नॉर्वेतल्या एका कंपनीला ते हवे होते, पण आधी व्हिडिओवर तोंडी परीक्षा. दोनदा नापास झालेले. तिसरी संधी शेवटची. पास झाले तर बायको-मुलाला सोबत नेता येणार होतं. इथे नऊ वर्षांत ते जमलं नव्हतं.

*

क्लासच्या मॅडमनी सांगितलं, जोडशब्द कितीही लांब असो, त्याचे तुकडे पाडा. पहिल्यावर जोर, बाकीचे हलके. प्रत्येक तुकड्याला टेबलावर थाप. वर्क परमिटला सहा थापा: आर-बाइड्स-तिल-ला-तेल-से.

"म्हणजे सम पहिल्यावर," सावंत म्हणाले. गावी ते भजनात पखवाज वाजवतात. त्या दिवसापासून थापेशिवाय त्यांच्या तोंडून शब्द फुटेना.

खालचे गुजराती टेलर दोनदा तक्रार करून गेले. तिसऱ्यांदा आले ते चपला बाहेर काढून, प्रसाद कधी आहे विचारत.

*

घरी व्हिडिओ कॉलवर त्यांनी तोच शब्द वाजवून दाखवला. मुलगा आतून झांजा घेऊन आला.

*

एकदा जहाजाच्या टाकीत काम करताना त्यांनी हातोडीने पत्र्यावर सराव सुरू केला. टाकीतून ठोकण्याचा आवाज आला, म्हणजे आतला माणूस संकटात. बाहेरच्यांनी त्यांना ओढून काढलं, ऑक्सिजन लावला.

"क्या हुआ?" फोरमनने विचारलं.

"वर्क परमिट," मास्कमधून सावंत म्हणाले.

"इन्शाल्ला," फोरमन म्हणाला.

*

परीक्षा क्लासातच झाली. नंतरचा नंबर माझा, म्हणून मी उघड्या दाराशी उभा होतो. दोन उत्तरं झाल्यावर स्क्रीनवरच्या बाईंनी सांगितलं, ठोकल्याचा आवाज येतोय, हात मांडीवर ठेवा. सावंतांनी ठेवले. मग विचारलं, इथे कामाला यायचं तर कोणता कागद लागतो?

सावंत मांडीवरच्या हातांकडे बघायला लागले. त्यांना येत होतं, हे मला माहीत होतं, आणि मला काही करता येत नव्हतं. फार वाईट वाटलं.

बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. मागे कुणी नाही ना, ते एकदा वळून बघितलं. मग स्वतःच्या टेबलावर एक थाप मारली.

सावंतांनी अख्खा शब्द म्हटला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, काय झालं?

"पास. सम पलीकडून आली," ते म्हणाले, आणि बायकोला फोन लावायला जिन्यात गेले.