काकूंचं ‘चालेल’

ड्रॉवर आवरताना एक पिवळी चिठ्ठी सापडली. तिच्यावर माझ्या अक्षरात ‘पूर्ण’ लिहिलेलं. मागे कोपर स्टेशनजवळ पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या काकूंसाठी आम्ही ऑर्डरचं ॲप बनवत होतो. दर दोन आठवड्यांनी त्या आमच्या वर्तकनगरच्या ऑफिसात यायच्या, नवा भाग बघायच्या आणि म्हणायच्या, “चालेल.” मी लगेच त्या भागाच्या चिठ्ठीवर ‘पूर्ण’ लिहून ती कामांच्या फळ्यावर चिकटवायचे. शेवटच्या बैठकीत मी विचारलं, “आवडलं ना, काकू?” पदराने चष्मा पुसत त्या म्हणाल्या, “अगं, माझ्याकडे कामाला असलेल्या बायकांना हे जमणारच नाही. पण तुम्ही एवढ्या हौसेने दाखवायचात, नाही कसं म्हणायचं?” तोवर मुदत संपलेली, टीम दुसऱ्या कामाला लागलेली. आज साहेबांनी माझा प्रोजेक्ट दुसऱ्याला दिला आणि विचारलं, “चालेल ना?” मी म्हटलं, “चालेल.”