ताडपत्रीच्या आतल्या बाजूने

फोन आला तेव्हा मी एका गाडीखाली पाठीवर पडले होते आणि माझा उजवा हात कोपरापर्यंत इंजिनात अडकला होता. वागळे इस्टेटमध्ये आमचं गॅरेज आहे, फक्त गाड्यांच्या एसीचं. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. ते हॉस्पिटलात होते, धाकटा भाऊ महेश त्यांच्याजवळ होता आणि काम थांबायला नको म्हणून मी इथे. "ताई, अण्णा गेले गं..." एवढंच महेश म्हणाला आणि रडायला लागला. एसीच्या क्लचचा मधला नट अर्धाच आवळून झाला होता. मी फोन छातीवर ठेवला, नट पूर्ण आवळला आणि मग बाहेर आले. हे मी घरी कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, काय बाई काळीज आहे हिचं! पण हातातला नट अर्धवट सोडून उठायचं नाही, हे मला अण्णांनीच शिकवलं होतं. त्यांना तरी ते पटलं असतं.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. ती रीत लोकांनी पुढचे दिवस चोख पाळली. ठाण्यापासून कल्याणपर्यंतची गिऱ्हाईकं भेटायला आली. "अण्णांच्या हाताला यश होतं." "असा हात आता होणे नाही." "दुसरीकडे कॉम्प्रेसर बदला म्हणून सांगतात, अण्णा नुसता क्लच बदलून गाडी थंड करून द्यायचे." मी आतबाहेर करत सगळं ऐकत होते. अण्णांचे हात कापायला लागून कितीतरी वर्षं झाली होती. पाना धरला तर नटावर बसायचा नाही. गुडघे तर त्याच्याही आधी गेले होते. ज्या हाताची एवढी स्तुती चालली होती तो हात त्या वेळी चहाचा ट्रे धरून उभा होता. एका गृहस्थांनी तर मला सांगितलं, "ताई, वडिलांचं थोडं तरी शिकून घ्यायला हवं होतं तुम्ही." मी त्यांना साखर हवी का विचारलं.

शिकवण्यात अण्णांनी कंजुषी केली नाही, हे मात्र खरं. बारावीनंतर नुसती बसलेय म्हणून ते मला गॅरेजात नेऊ लागले, फोन घ्यायला. बॉनेटमध्ये वाकून बघते म्हणून हळूहळू सांगायलाही लागले. पट्ट्यावर पुली सतत फिरत असते, पण आपण एसीचं बटण दाबलं की कॉईलचं लोहचुंबक होतं, ते पुढची प्लेट ओढून पुलीला चिकटवतं आणि तेव्हा कुठे कॉम्प्रेसर फिरतो. ते चिकटणं म्हणजे क्लच. "टक् असा आवाज आला पाहिजे. आला नाही तर आधी का नाही ते शोध, मग पान्याला हात लाव," असं सांगून ते डोळे मिटून बटण दाबायला लावायचे. माझे हात बारीक, अडचणीच्या जागी जायचे. बघता बघता क्लचचं काम माझंच झालं आणि त्याच सुमारास गॅरेजात ताडपत्री आली. निळी, दोन खांबांना दोरी बांधून टांगलेली. गाडी आत घेतली की अण्णा ती ओढून घ्यायचे आणि गिऱ्हाइकाला बाहेर बसवून स्वतः त्याच्या शेजारी खुर्चीत बसायचे. "आत वेल्डिंग चालू आहे, डोळ्यांना त्रास होतो," असं सांगायचे. एसीच्या क्लचला वेल्डिंग! पण कुणी विचारलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "बाई गाडीखाली दिसली की गिऱ्हाईक बिथरतं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गॅरेजात जाईल. आणि तुझ्या सासरचे काय म्हणतील?" माझं तेव्हा लग्नही ठरलेलं नव्हतं. पुढे डोंबिवलीत सासर मिळालं, त्यांनी कधी काही म्हटलं नाही, पण ताडपत्री होती तिथेच राहिली.

खडवलीच्या भोईरकाकांची गाडी मी कधी विसरणार नाही. ऐन एप्रिल, लग्नाचे दिवस, काका गाडी वऱ्हाडाला भाड्याने देतात, आणि नवरा-नवरी घामाघूम. दोन ठिकाणी कॉम्प्रेसर बदला म्हणून सांगितलेलं. अण्णांनीही बॉनेट उघडून तेच सांगितलं आणि ताडपत्री ओढली. मी आत गाडी चालू ठेवून वाट बघत बसले. आधी गार हवा छान येत होती. इंजिन चांगलं तापल्यावर ती बंद झाली. गॅसचं प्रेशर ठीक. कॉईलच्या वायरला टेस्ट लॅम्प लावला, तो लागला, म्हणजे करंट येत होता, तरी प्लेट पुढे सरकत नव्हती. मग लांब लाकडी दांड्याने प्लेटला हलकेच रेटा दिला... टक्! हवा गार. बिचारा कॉम्प्रेसर धडधाकट होता. प्लेट झिजून तिच्या नि पुलीच्या मधला गॅप वाढला होता आणि तापलेल्या कॉईलला ती तेवढ्या लांबून ओढवत नव्हती. मी बाहेर न येता ताडपत्रीच्या फटीतून अण्णांना खुणेने आत बोलावलं, हळू आवाजात सगळं सांगितलं. ते ऐकून बाहेर गेले. "मला शंका होतीच," त्यांचा मोठा आवाज ऐकू आला, "कॉम्प्रेसरला काही झालेलं नाही. क्लच गेलाय."

नवा क्लच मी बसवला. पट्टा उतरवला, मधला नट काढला, जळून निळी पडलेली प्लेट बाहेर घेतली. पुलीचं बेअरिंगही खरखरत होतं. पुली धरून ठेवणारी कडी, सर्क्लिप, काढून पुली आणि कॉईल उतरवली, नवी चढवली, आणि मग खरं काम, गॅपचं. एक पातळ वॉशर जास्त झाला तर क्लच धरत नाही, कमी झाला तर सुटत नाही. गेजची पट्टी सगळीकडून सारखी सरकेपर्यंत मी प्लेट घालत-काढत होते. बाहेर अण्णा भोईरकाकांना हेच सगळं समजावत होते, शब्द न् शब्द बरोबर, जणू स्वतःच हात काळे करून आले आहेत. नंतर काकांनी मला विचारलं, "तू काय करतेस गो बाय इथं?" मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, "ती फोन घेते." माझ्या नखांत ग्रीस होतं. मी हात ओढणीत घेतले.

महेशचं सांगायचं तर तो दिवा स्टेशनजवळ भाड्याच्या खोल्या मिळवून द्यायचं काम करतो. पान्याचा नंबर त्याला आजही वाचून बघावा लागतो. दर खंडेनवमीला मी सगळी हत्यारं रॉकेलने धुऊन, पुसून पाटावर मांडायची आणि पूजेला महेशने बसायचं. "मुलगा आहे तो," अण्णा म्हणायचे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो आमच्याकडे वर्षातून एकदा टोपी घालून बसायचा. त्याचा राग नाही आला कधी. तो बिचारा मला विचारायचा, "ताई, याला काय म्हणतात गं?" पिकतं तिथं विकत नाही, हे मी मनाशी म्हणायची आणि प्रसाद वाटायची.

हॉस्पिटलमधली शेवटची भेट... अण्णांना बोलताना धाप लागत होती. मला वाटलं, आता तरी म्हणतील, हात तुझाच होता. खोटं कशाला बोलू, मी त्या एका वाक्यासाठीच रोज डोंबिवलीहून जात होते. महेश आणि नर्स दोघंही खोलीत होते. या दोघांसमोर म्हणाले असते, तरी मला पुरे होतं. ते म्हणाले, "महेशला सगळं दाखव. गॅप कसा धरायचा तेवढं नीट सांग. गॅरेज आता त्याने बघायचं."

"आणि मी?" मी विचारलं.

"तू आहेसच की," म्हणाले आणि डोळे मिटले. झोप लागली होती. मी पांघरूण नीट करून निघाले.

तेरावं झाल्यावर गॅरेज उघडलं. पहिलीच गाडी भोईरकाकांची. महेश पुढे झाला, "काका, बसा, मी बघतो," म्हणत ताडपत्री ओढायला लागला.

"राहू दे रे ते," काका म्हणाले. "अण्णा होते तोवर ठीक होतं. तिला बघू दे."

मी म्हटलं, "म्हणजे काय काका?"

"अगं, ताडपत्री गुडघ्याएवढी वर. खालून तुझे पाय दिसायचे ना. जोडवी घातलेले. अण्णा बाहेर माझ्याशी गप्पा मारतायत आणि आत गाडीखाली जोडवी!" ते हसले. मग माझं तोंड बघून हसायचे थांबले. "आम्हा जुन्या गिऱ्हाइकांना सगळ्यांनाच माहीत होतं, बाय. म्हाताऱ्याचा मान, म्हणून कुणी बोललं नाही."

"गाडी दुसरीकडे न्यावीशी नाही वाटली?"

"कशाला? एसी गार होत होता की."

मी त्यांचं काम करून दिलं, सगळ्यांसमोर. आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. म्हणजे गिऱ्हाईकं कधीच बिथरणार नव्हती. निदान अण्णांना तशी भीती होती, बिचाऱ्यांना कळलं नाही, असं मी मनाला समजावत होते. दुपारी महेश जेवायला गेल्यावर मी ताडपत्री पूर्ण ओढली, आत गाडीजवळ, जिथे माझे पाय यायचे तिथे, माझ्या चपला काढून ठेवल्या आणि बाहेर येऊन अण्णांच्या खुर्चीत बसले. चपला दिसत होत्या. डाव्या चपलेचा तुटलेला अंगठा मी सुतळीने बांधलाय, ती सुतळीसुद्धा दिसत होती. इतकी वर्षं अण्णा इथेच, गिऱ्हाइकाच्या शेजारी, याच खुर्चीत बसत होते. त्याला जे दिसत होतं ते त्यांनाही दिसत होतं, आणि त्याला दिसतंय हेही दिसत होतं. लपवायचं त्यांना काही नव्हतंच. फक्त माझं नाव घ्यायचं नव्हतं.