तहानलेलं दार

कुस्ती कोण मारणार आणि पंचगंगेचं पाणी कुठवर चढणार, हे कोल्हापुरात कुणीही छातीठोक सांगतो. पण सनमायका चिकटवायला डिंक किती लागेल, हे सांगावं ते माझ्या मैत्रिणीच्या, शालनच्या, वडिलांनीच! मंगळवार पेठेतले हे सुतार म्हणजे आम्हा सगळ्यांचे आबा. टेपबिप कधी लावली नाही. फळीवर पाण्याचा एक थेंब सोडायचा, तो मुरेपर्यंत डोळे मिटून आकडे मोजायचे, मग चार-दोन ठिकाणी तळवा टेकवायचा आणि निकाल द्यायचा. फळी पूर्ण व्हायची आणि डबा रिकामा, दोन्ही एकाच वेळी! इचलकरंजीच्या एका दुकानदारानं आबांच्या आकड्यापेक्षा किलोभर कमी आणला, तर त्याचं शेवटचं कपाट उघडंबोडकं राहिलं. आबांना केवढा आनंद! "पावणं, लाकडाला इचारलं हुतं का?" मी पडले गणिताची बाई. एकदा लांबी-रुंदी गुणून दाखवायला गेले, तर म्हणाले, "पोरी, तुज्या गणितात लाकूड पानी पीत न्हाय की!"

यंदा त्यांचे हात थरथरू लागले. शालननं हत्यारांची पेटी माळ्यावर टाकली आणि आबा गप्पच झाले. मला ते बघवेना. त्यात शालनला शिवणक्लाससाठी कापड बेतायला टेबल हवं होतं. जुन्या घराचं सपाट दार तिनं रंग खरवडून काढून ठेवलेलं, त्यावरच सनमायका लावायचं ठरलं. मोबाईल म्हणाला, अर्धा किलो डिंक. आबा उठले, थेंब सोडला, थरथरता तळवा टेकवला.

"पाऊण. लई तान्हेलंय."

आम्ही पाऊणच आणला. हा अंदाज चुकला असता, तर आबांनी पुन्हा फळीला हात लावला नसता, हे आम्हा दोघींना कळत होतं.

ओतायचा हट्ट आबांचाच. शालन पत्र्याच्या पट्टीनं पसरत गेली. डबा संपला, आणि कोपऱ्यात तळव्याएवढी जागा कोरडी राहिली. आबा त्या कोपऱ्याकडे बघत राहिले, मग स्वतःच्या हाताकडे. ओतताना सांडलेल्या डिंकानं हात मनगटापर्यंत माखला होता. त्यांनी तो तळवा कोपऱ्यावर ठेवला आणि सावकाश फिरवला. कोपरा भरला.

"अंदाज बरोबर हुता," ते म्हणाले. "ह्या हाताचं तेवडं धरायचं ऱ्हायलं."

शालन हसता हसता रडायला लागली, आणि पेटी माळ्यावरून खाली आली.

आता पेठेत कुणी विचारलं की आबा सांगतात, "दोन किलो, आनि वर छटाकभर माज्या हाताला." हल्ली छटाकाचं पावशेर झालंय. लोक काही न बोलता आणतात.